जुन्या ली-एनफील्ड रायफलीची वाजवी किंमत कशी ठरवावी

महाराष्ट्रात जिला आपण ‘थ्री-नॉट-थ्री’ म्हणून ओळखतो, जी पोलीस ठाण्याच्या दारातल्या पहारेकऱ्याच्या खांद्यावर कित्येक दशके दिसत राहिली आणि २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर काही पोलिसांच्या हाती होती, तीच रायफल अमेरिका, कॅनडा, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात संग्राहकांच्या बाजारात हौसेने विकली-घेतली जाते. तिचे खरे नाव ली-एनफील्ड. स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या जेम्स पॅरिस ली यांच्या बोल्ट-मॅगझिनच्या रचनेवरून आणि एनफील्ड येथील शस्त्रकारखान्यावरून ते पडले. परदेशात स्थायिक झालेल्या मराठी माणसाला अशा बाजारात ‘इशापूर’ या भारतीय कारखान्याचा ठसा असलेली रायफल दिसली की त्याचा हात नकळत पाकिटाकडे जातो. माझाही गेला होता. हा लेख त्या क्षणी हात थोडा वेळ कसा रोखावा आणि समोरच्या वस्तूचे मोल तिच्याच अंगावरच्या खुणांवरून कसे काढावे, याविषयी आहे.

कायद्याची बाब आधी उरकू. भारतात .३०३ हा प्रतिबंधित बोअर (नळीचा आतला व्यास) असल्याने सामान्य नागरिकासाठी या रायफलीचा खुला बाजार नाही आणि परदेशात घेतलेली रायफल सामानातून घरी आणण्याचा विचारही करू नये. अमेरिकेत ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असलेली रायफल ‘क्युरिओ अँड रेलिक’ या वर्गात मोडते आणि त्यासाठी संग्राहकांना तीन वर्षांचा वेगळा परवाना मिळतो. मात्र एच-वन-बी किंवा तत्सम तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्याला, वैध शिकार-परवान्यासारखे अपवाद सोडले, तर बंदूक बाळगण्यास तेथील संघीय कायदा मनाई करतो. ही गोष्ट आपल्या मंडळींपैकी अनेकांना ठाऊक नसते आणि विकणारा ती सांगेलच असे नाही. कॅनडा, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया येथेही आधी परवाना आणि मग खरेदी असाच क्रम आहे. परवान्यात न बसणाऱ्या रायफलीची आपल्यापुरती किंमत शून्य समजावी.

आधी ती नेमकी कोणती आहे ते ठरवा

‘ली-एनफील्ड’ एवढ्या नावावर किंमत ठरत नाही. सर्व प्रकार मिळून या रायफली कोटीच्या वर बनल्या, त्यामुळे निव्वळ जुनेपणाला येथे फारसे मोल नाही; मोल आहे ते प्रकाराला, कारखान्याला आणि वर्षाला. बोल्टच्या, म्हणजे काडतूस आत ढकलणाऱ्या सरकत्या दांड्याच्या मागे, दस्त्याचे लाकूड जिथे लोखंडी कड्यात शिरते, जुन्या प्रकारांत त्या कड्याच्या उजव्या बाजूला पाहावे. तेथे राजमुकुट, राजाची आद्याक्षरे, कारखान्याचे नाव, वर्ष आणि प्रकार एकाखाली एक ठोकलेले असतात. १९०७ साली आलेला मार्क ३ हा पूर्ण सरंजामाचा प्रकार होता. मॅगझिनमधील काडतुसे राखून एकेक गोळी भरता यावी म्हणून त्याला कट-ऑफची पट्टी होती आणि लांब पल्ल्यावर सामूहिक गोळीबारासाठी डाव्या बाजूला नेम धरण्याची वेगळी साईट होती. पहिल्या महायुद्धाच्या घाईत हे भाग गाळून १९१६ पासून मार्क ३ स्टार बनू लागला. त्यामुळे ते सर्व भाग शाबूत असलेला १९१६ पूर्वीचा मार्क ३ बराच दुर्मीळ आहे, आणि कारखान्यात पुन्हा दुरुस्तीला गेलेल्या बहुतेक रायफलींचे ते भाग काढून टाकले गेले. १९२६ नंतर या संपूर्ण कुळाला ‘नंबर १’ म्हणू लागले.

दुसऱ्या महायुद्धातील ‘नंबर ४’ वेगळी: तिच्या नळीचे टोक लाकडाबाहेर थोडे डोकावते आणि मागची साईट नळीवर नसून रिसीव्हरच्या, म्हणजे बोल्ट ज्यात मागेपुढे सरकतो त्या पोलादी धडाच्या, मागच्या टोकाशी, डोळ्याजवळ असते. ती इंग्लंडात फझाकर्ली, माल्टबी आणि बी.एस.ए.च्या शर्ली येथील कारखान्यांत, कॅनडात लाँग ब्रँच येथे आणि अमेरिकेत सॅव्हेज कंपनीत बनली. सॅव्हेजच्या रायफलीवर ‘यू.एस. प्रॉपर्टी’ असा ठसा असतो आणि विक्रेता तो दाखवून ‘ही अमेरिकी सैन्याने वापरलेली’ असे सांगतो. वस्तुतः तो ठसा ‘लेंड-लीज’ योजनेखाली ब्रिटनला माल पाठवताना मारलेला आहे, आणि त्यासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही. मार्क १ स्टार या उपप्रकारात बोल्ट बाहेर काढण्यासाठी खटक्याऐवजी रिसीव्हरच्या रुळात एक खाच दिलेली असते. त्या खाचेचा कोपरा उडालेला असेल, तर बोल्टचे डोके चालता चालता रुळावरून निसटू शकते. तेथे बोट फिरवूनच पाहावे, कारण तेलाच्या थराखाली हा दोष डोळ्याला दिसत नाही.

इशापूरच्या कारखान्याने नंबर ४ कधी बनवलीच नाही. कोलकात्याजवळच्या, हुगळीकाठच्या या कारखान्याने नंबर १ चेच उत्पादन चालू ठेवले. स्वातंत्र्यानंतर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले आणि नावाच्या जागी ‘आर.एफ.आय.’ (रायफल फॅक्टरी, इशापूर) ही अक्षरे आली. १९६० च्या दशकात तेथेच ७.६२ मिलिमीटर नाटो काडतुसासाठी २ए आणि नंतर २ए१ या रायफली बनल्या. त्या जुन्या .३०३ चे रूपांतर आहेत, असे बाजारात सर्रास सांगतात. ते खोटे आहे. त्या अधिक मजबूत पोलादाच्या, नव्याने घडवलेल्या रायफली आहेत. त्यांचे मॅगझिन चौकोनी, खोक्यासारखे दिसते, त्यावरून त्या दहा हातांवरूनही ओळखता येतात. रूपांतर पाहायचे असेल तर ते .४१० बोअरच्या पोलिसी बंदुकीत पाहावे: इशापुरात .३०३ ची नळी आतून गुळगुळीत करून, एका वेळी एकच काडतूस घालता येईल अशी ती पोलिसांसाठी केलेली असे. तिला स्वतःचा छोटा पण निष्ठावान गिऱ्हाईकवर्ग आहे.

मग ती पूर्ण आहे का, आणि एकाच रायफलीची आहे का

किंमत सर्वांत जास्त येथे वरखाली होते, म्हणून या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्यावा. विकणाऱ्याची परवानगी घ्यावी, तोंड निर्धोक दिशेला ठेवून मॅगझिन काढावे, बोल्ट मागे ओढून कक्ष रिकामा असल्याचे डोळ्यांनी आणि बोटानेही पाहावे आणि मगच पुढच्या तपासणीला लागावे.

नंबर १ वर अनुक्रमांक एकापेक्षा जास्त जागी असतो: रिसीव्हरच्या पुढच्या कड्यावर, त्याला लागून नळीवर, बोल्टच्या दांडीच्या मागच्या बाजूस, मागच्या साईटच्या पट्टीखाली, तोंडाजवळच्या नोजकॅपवर (पुढच्या लाकडाच्या टोकावरील धातूच्या टोपीवर) आणि नोजकॅपच्या मागे लाकडाच्या खालच्या बाजूस. सगळे आकडे जुळत असतील तर ती रायफल कारखान्यातून जशी निघाली तशीच, निदान शेवटच्या दुरुस्तीनंतर जशी निघाली तशी, आपल्या हाती आहे. बोल्टचा क्रमांक वेगळा असणे हा सर्वांत सामान्य आणि सर्वांत महाग पडणारा दोष आहे, कारण प्रत्येक बोल्ट त्या-त्या रिसीव्हरशी बसवून घेतलेला असे.

दोष महाग पडतो म्हणूनच तो लपवलाही जातो. बोल्टच्या दांडीमागचा आकडा भिंगाखाली धरावा. जुन्या ठशाच्या कडा हाताळणीने गोल झालेल्या असतात आणि खोलगट भागातही बाहेरच्या पृष्ठभागाइतकाच काळसरपणा असतो. नुकत्याच ठोकलेल्या आकड्याभोवती धातूची बारीक वरंबी उठलेली नखाला लागते आणि खाचेच्या तळाशी पोलाद उजळ दिसते. जुना आकडा रेघ मारून रद्द केलेला आणि शेजारी नवा ठोकलेला दिसला तर मात्र घाबरू नये. लष्करी कार्यशाळा हे काम उघडपणे, असेच करत. लबाडी करणारा जुना आकडा खरवडून काढतो आणि त्या जागी धातू किंचित सपाट किंवा खोलगट होतो.

लाकडाकडे आता वळू, कारण मी स्वतः तेथेच फसलो. युद्धानंतर लाखो लष्करी रायफली शिकारीसाठी हलक्या केल्या गेल्या. त्यासाठी पुढचे लाकूड मध्येच करवतीने कापून टाकत आणि नळी उघडी ठेवत. अशी कापलेली रायफल संग्राहकाच्या दृष्टीने पूर्ण रायफलीच्या किमतीच्या एका अंशालाच विकली जाते. पुढे पूर्ण रायफलींचे भाव चढले, तशी कापलेल्या रायफलींना नवे लाकूड जोडून ‘पूर्ण’ करण्याची टूम निघाली. मी एका प्रदर्शनात घेतलेली १९१८ सालची, आकडे जुळणारी, दिसायला देखणी रायफल घरी आणून नोजकॅप आणि नळी-लाकूड एकत्र आवळणारा धातूचा पट्टा काढला, तेव्हा पट्ट्याच्या बरोबर खाली, बाहेरून कधीच दिसणार नाही अशा जागी, लाकडाला केसाएवढी आडवी रेघ होती आणि आतून दोन कांड्या घालून सांधा केलेला होता. सांध्याच्या पुढचे लाकूड अर्ध्या छटेने फिकट होते. विक्रेत्याने विचारल्यावर ‘मलाही ठाऊक नव्हते’ असे सांगितले, आणि कदाचित ते खरेही असेल. तेव्हापासून पट्टा सैल करून पाहू देण्यास नकार देणाऱ्याकडून मी पूर्ण रायफलीच्या भावाने खरेदी करत नाही.

लाकूड घासून गुळगुळीत केले आहे का, हेही पाहावे. मूळ लाकूड धातूच्या भागांच्या कडांशी समपातळीत किंवा किंचित वर असते; घासलेले लाकूड दस्त्याच्या पितळी पट्टीपाशी आत गेलेले दिसते आणि त्यावरचे तपासनीसांचे ठसे पुसट झालेले असतात. व्हार्निशचा चकाकता थर तर सरळ वजावटीचा विषय आहे. या रायफलीचे लाकूड जवसाच्या कच्च्या तेलावर वाढलेले आहे आणि त्याचा मातकट, जड काळसरपणाच संग्राहकाला हवा असतो. दस्त्याच्या उजव्या बाजूला कधी कधी पितळेची चकती असते आणि तीवर पलटणीची अक्षरे कोरलेली असतात; ती मूळची असेल तर किंमत वाढते. हिचा उल्लेख येथे मुद्दाम केला, कारण माझे आडनाव ऐकल्यावर एका विक्रेत्याने त्याच्या टेबलावरची रायफल मेसोपोटेमियात मराठा पलटणीने वापरलेली असल्याचे सांगितले होते. १९१५-१६ मध्ये तेथील कुत या गावाच्या वेढ्यात मराठा पलटणी होत्या, हे इतिहासात आहे. पण त्या रायफलीवर चकती नव्हती, सोबत कागद नव्हता आणि कड्यावरचे वर्ष १९४२ होते.

इशापूरच्या रायफलीत नळीच्या सुरुवातीजवळ पुढच्या लाकडातून आडवा गेलेला एक जास्तीचा स्क्रू आढळतो. उष्ण-दमट हवेत लाकूड फाटू नये म्हणून तो भारतीय कार्यशाळांनी घातला. काही रायफलींच्या पुढच्या लाकडाभोवती तांब्याची किंवा लोखंडी तार गुंडाळलेली असते, ती ग्रेनेड फेकण्याच्या कामासाठी. पाश्चात्त्य विक्रेते आणि काही खरेदीदारही या दोहोंना ‘बिघडवलेले’ समजून भाव पाडतात. मला ते पटत नाही, कारण हे काम सैन्याने सेवेच्या काळात केलेले आहे आणि सेवाकाळातला बदल हा त्या वस्तूच्या इतिहासाचा भाग असतो. नंतर एखाद्याने गॅरेजमध्ये केलेला बदल तसा नसतो. मात्र बाजार काय मानतो आणि मी काय मानतो यांत फरक असेल, तर पैसे देताना बाजाराचे ऐकावे आणि घरी नेल्यावर स्वतःचे. ‘डी.पी.’ म्हणजे केवळ कवायतीसाठी, असा ठसा असलेली रायफल भिंतीवर शोभेल, पण ती गोळी झाडण्यास अयोग्य समजावी आणि तसाच भाव द्यावा. ‘एफ.टी.आर.’ म्हणजे कारखान्यात संपूर्ण दुरुस्त झालेली. ती तब्येतीने चांगली असते, पण मूळ रूप शोधणारा तिला थोडे कमीच देतो.

दोन बनावटींविषयी येथेच सांगतो. नंबर ५ किंवा ‘जंगल कार्बाइन’ ही आखूड, टोकाला नरसाळ्यासारखा ज्वालारोधक असलेली रायफल १९४४ ते १९४७ या काळातच बनली आणि तिला मागणी मोठी आहे, म्हणून साध्या नंबर ४ ची नळी कापून तशी रायफल करण्याचा उद्योग अमेरिकेत उघडपणे चालला. अस्सल नंबर ५ मध्ये वजन कमी करण्यासाठी नळीच्या मुळाशी, लाकडाखाली, धातू कोरून काढलेला असतो. नकलीत तो नसतो. दुसरी नक्कल नंबर ४ टी या नेमबाजांच्या रायफलीची. तिची किंमत साध्या नंबर ४ च्या कित्येक पट असते. अस्सल रायफलीवर डाव्या बाजूस ‘टी’ आणि ‘टी.आर.’ हे ठसे, हॉलंड अँड हॉलंड या कारखान्याचा ‘एस ५१’ हा संकेतांक दस्त्याखाली, आणि दस्त्याच्या मानेवर तिच्या दुर्बिणीचा क्रमांक ठोकलेला असतो. तो क्रमांक दुर्बिणीवरच्या आकड्याशी जुळत नसेल, तर दोन वेगळ्या वस्तूंचे दोन वेगळे भाव काढून बेरीज करावी. पेशावरजवळच्या दर्रा भागात घडलेल्या हातबनावटीच्या रायफली तर ठशांवरूनच पकडल्या जातात: उलटे अक्षर, चुकलेले स्पेलिंग, किंवा १९०१ मध्ये निधन पावलेल्या व्हिक्टोरिया राणीची आद्याक्षरे आणि खाली १९१९ हे वर्ष.

तब्येत

नळी आरशासारखी नसली तरी चालते, पण आतले पिळाचे चर ठळक हवेत. जुन्या काडतुसांच्या टोप्यांतील क्षार नळीत राहिले की ते हवेतील ओल धरून गंज चढवतात. त्यामुळे झाडल्यानंतर गरम पाण्याने न धुतलेल्या नळ्या आतून खड्ड्याखड्ड्यांच्या होतात. मात्र नुसती काळी दिसणारी नळी अनेकदा साठवणीच्या वंगणाने भरलेली असते. म्हणून खिशात नेहमी कापडाचा तुकडा आणि छोटी विजेरी ठेवावी. नंबर १ ला सामान्यतः पाच चर असतात. युद्धकाळातील काही नंबर ४ ला दोनच असतात आणि तो दोष नाही. नळीचे तोंड एका बाजूने झिजलेले असेल, तर दोरीने वर्षानुवर्षे नळी साफ करताना दोरी त्या कडेला घासली आहे, असे समजावे. अशा रायफलीचा नेम चुकतो आणि भावही उतरतो. बोल्ट बदललेला असेल तर हेडस्पेस, म्हणजे बोल्टचे डोके आणि नळीचे मागचे टोक यांतले अंतर, गनस्मिथकडून मोजून घ्यावा; .३०३ साठी ब्रिटिश लष्करी मर्यादा ०.०६४ ते ०.०७४ इंच आहे. पुढचे लाकूड रिसीव्हरला टेकते तेथे, मागच्या टोकाला, चिरा पडल्या आहेत का तेही पाहावे.

शेवटी आकडा

मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत यांत गल्लत करू नये. दोन-दोन वर्षे न विकल्या गेलेल्या रायफलीवरही भलामोठा आकडा लावलेला असतोच. ऑनलाइन लिलावांच्या संकेतस्थळांवर संपलेले लिलाव वेगळे पाहता येतात. तेथून आपल्या रायफलीशी प्रकार, कारखाना आणि दशक या तिन्ही बाबतींत जुळणारे, गेल्या वर्षभरातले किमान पाच-सहा व्यवहार निवडावेत आणि प्रत्येकाची छायाचित्रे वरील कसोट्यांनी तपासावीत. सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा व्यवहार सोडून द्यावा. लिलावगृहे हातोड्याच्या बोलीवर खरेदीदाराकडून वेगळा अधिभार घेतात आणि वाहतूक व हस्तांतरणाचे शुल्क निराळे पडते. तुलना करताना सगळीकडे हा खर्च धरावा किंवा सगळीकडे वगळावा.

उदाहरणादाखल, समोर १९४३ सालची इशापूर मार्क ३ स्टार आहे असे समजू. जुळणाऱ्या व्यवहारांचा मध्य ५०० डॉलर निघाला. हिचा बोल्ट वेगळ्या क्रमांकाचा आहे, म्हणून मी साधारण पंचमांश वजा करतो आणि ४०० वर येतो. लाकूड घासलेले नाही, ठसे स्पष्ट आहेत, त्यामुळे तेथे वजावट नाही. आडवा स्क्रू आहे, पण निवडलेल्या व्यवहारांतल्या बहुतेक रायफलींनाही तो होता, म्हणजे त्याची किंमत मध्यात आधीच धरली गेली आहे. ती दुसऱ्यांदा कापू नये. नळीवर अमेरिकी आयातदाराचे नाव ठळक अक्षरांत कोरलेले आहे. १९६८ च्या कायद्यानंतर आलेल्या रायफलींवर ते बंधनकारक झाले, म्हणून त्यापूर्वी आलेली, अशी कोरणी नसलेली रायफल थोडी महाग जाते. येथे २५ डॉलर आणखी कमी. सोबत १९०७ नमुन्याची संगीन आहे. तिची किंमत वेगळी काढून वेगळीच बोलावी, कारण १७ इंची मूळ पात्याची संगीन आणि भारतात कापून १२ इंच केलेली संगीन यांचे भाव वेगळे असतात आणि ‘सगळे मिळून इतके’ या हिशेबात महाग संगीन गृहीत धरली जाते.

म्हणजे ३७५ डॉलर. इशापूरचा ठसा आहे, म्हणून मला स्वतःला ती आणखी ५० डॉलरला घ्यावीशी वाटते, तर ते ५० मी वहीत वेगळ्या रकान्यात, ‘हौस’ या नावाखाली लिहितो. बाकी नोंद एका पानावर मावते: प्रत्येक जागचा आकडा, ठशांची छायाचित्रे, वजावटी आणि दिलेली रक्कम. पुढे ती विकायची वेळ आली की याच पानावरून सुरुवात होते, आणि तेव्हा हौसेचा रकाना बेरजेत धरायचा नसतो.